बैलाच्या भीतीचं इतिवृत्त

दत्तराव करंजगावच्या हायस्कुलात कारकून होते, आणि कारकून म्हणजे काय याबद्दल त्यांच्या मनात कसलाही गोंधळ नव्हता. शिक्षक शिकवतात, मुलं शिकतात किंवा शिकत नाहीत, मुख्याध्यापक सही करतात. पण हे सगळं झालं की नाही हे ठरवतो तो कारकून. हजेरीत ज्याच्या नावापुढं गैरहजर असा शेरा पडला तो मुलगा पहिल्या बाकावर बसून नाक शिंकरत असला तरी दत्तरावांच्या लेखी तो शाळेत नसे. एकदा अशाच एका मुलाच्या बापाला त्यांनी गैरहजेरीचं पत्र लिहिलं होतं आणि ते घरी पोचवायला त्याच मुलाच्या हाती दिलं होतं.

हे शिक्षण त्यांना निजामाच्या अमदानीत मिळालं. सोळाव्या वर्षी ते तहसील कचेरीत उमेदवार म्हणून चिकटले. तिथल्या म्हाताऱ्या पेशकारांनी त्यांना उर्दू कागद वाचायला, टाक धरायला आणि जे दफ्तरात दाखल नाही ते दुनियेत झालेलंच नाही असं मानायला शिकवलं. पुढं पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, कचेरीतली उर्दू जाऊन मराठी आली, पेशकारही हैदराबादकडं निघून गेले. दत्तरावांनी टोपी बदलली, शिकवण बदलली नाही. घरीसुद्धा त्यांची एक आवक-जावक वही होती. शेजारणीनं खलबत्ता मागून नेला की तिला वहीत अंगठा करावा लागे. त्यांच्या पत्नी सरजाबाई हे सारं तीस वर्षं सोसत आल्या होत्या. त्याची मात्र कुठं नोंद नव्हती.

चौऱ्याहत्तर सालच्या जुलैत शाळेतल्या कमलबाई औरंगाबादला दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आल्या. पोखर्णीच्या बौद्ध वस्तीतल्या, घराण्यातल्या पहिल्या मास्तरीण. नोकरीला दीड वर्ष झालेलं, अजून कायम व्हायच्या होत्या. शिबिरात त्यांना कळलं होतं की तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांच्या मनात पुष्कळ काही असतं आणि ते बोलायला त्यांना जागा नसते. करंजगावात ही बातमीच होती. त्या वयाच्या मुलांना भूक असते हे गावाला माहीत होतं. मनाचं कुणी कळवलं नव्हतं.

बाईंनी ठरवलं की दर शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, चित्रकलेच्या खोलीत नववी-दहावीची आठ मुलं घेऊन बसायचं. पाच मुलगे, तीन मुली, दोन सतरंज्या. ज्याला जे बोलावंसं वाटेल ते त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी हसायचं नाही आणि इथं बोललेलं इथंच राहील. बाईंनी त्याला मोकळा तास असं नाव दिलं. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, फक्त एक अट घातली: कार्यालयाचा एक माणूस हजर पाहिजे आणि रीतसर इतिवृत्त पाहिजे, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर. उद्या कोण विचारणार हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण त्यांची सगळी हयात त्या उद्याच्या भीतीत गेली होती.

कार्यालयाचा माणूस म्हणजे दत्तराव. त्यांनी नवी वही काढली, तिच्या शहाण्णव पानांवर आकडे घातले, पहिल्या पानावर ‘या वहीत एकूण शहाण्णव पाने आहेत’ असा दाखला लिहून खाली सही केली आणि मोकळ्या तासाचं नाव ‘किशोर विद्यार्थी मनोगत मंडळ’ असं नोंदवलं. नुसता मोकळा तास कागदावर बरा दिसत नव्हता.

पहिल्या शनिवारी अर्धा तास कुणी बोललं नाही. मग दहावीतली कस्तुरा म्हणाली की गणितात तिला नऊ मार्क पडले आणि घरी तिनं नव्वद सांगितलेत. कुणी हसलं नाही. त्यामुळं रंगनाथला धीर आला.

रंगनाथ हा माणिकरावांचा एकुलता एक मुलगा. माणिकराव म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, सत्तर एकराचे धनी, दावणीला चौदा बैल आणि पोळ्याचा मान त्यांच्या घरी. त्यांचा बैल वेशीच्या तोरणाखालून गेल्याशिवाय गावातला दुसरा बैल हलत नसे. रंगनाथ पंधरा वर्षांचा, बापापेक्षा वीतभर उंच, आवाज नुकताच फुटलेला. तो सतरंजीचा दोरा उपसत म्हणाला, “मला बैलाचं भेव वाटतंय.”

मग त्यानं सांगितलं. सहा वर्षांचा असताना गोठ्यात एका बैलानं त्याला भिंतीशी गाठलं होतं. एक शिंग इकडं, एक शिंग तिकडं, मधे हा. बैलानं काही केलं नाही. नुसता तोंडावर श्वास सोडत बराच वेळ उभा राहिला. तेव्हापासून बैल दिसला की रंगनाथ वाट बदलतो. गेल्या पोळ्याला त्यानं काखेत कांदा धरून ताप आणला होता. यंदा वडिलांनी चारचौघांत सांगून टाकलंय की मानाचा बैल रंगनाथ नेणार.

“दोन वर्स कांदा कसा चालंल,” असं म्हणून तो रडायला लागला.

दत्तराव खिडकीजवळच्या स्टुलावर बसून लिहीत होते. मुलगा रडतो म्हटल्यावर त्यांनी टाक क्षणभर थांबवला, मग तेही लिहिलं.

दुसऱ्या शनिवारी सगळे बसले तसे दत्तराव उभे राहिले. कोणतीही सभा मागल्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम केल्याशिवाय सुरू होत नाही. चष्मा नाकावर सरकवून, अध्यक्षांच्या वार्षिक अहवालासाठी राखून ठेवलेल्या आवाजात त्यांनी वाचायला घेतलं:

“विषय क्रमांक दोन. कुमारी कस्तुरा, इयत्ता दहावी, यांनी गणितातील नऊ गुण घरी नव्वद असे कळविल्याचे निवेदन केले. सभेने नोंद घेतली. विषय क्रमांक तीन. चिरंजीव रंगनाथ माणिकराव, इयत्ता दहावी, यांनी आपणास बैलाची भीती वाटत असल्याचे निवेदन केले व रडले. त्यावर साधकबाधक चर्चा झाली. सूचक, स्वतः. अनुमोदक, कोणी नाही.”

दार सताड उघडं होतं. शाळेचा शिपाई आश्रुबा किल्ल्यांचा जुडगा घेऊन दाराशी पोचला तेव्हा नाव वाचून झालं होतं आणि भीती चालू होती. त्याच्या कानावर बैल पडला, भीती पडली, रडणं पडलं. कुणाचं, ते राहिलं. एवढ्यावर दुसऱ्या कुणाचं भागलं नसतं. आश्रुबाचं संध्याकाळपर्यंत भागलं.

खोलीत आठही मुलं जमिनीकडं बघत होती. कमलबाईंनी उठून दार लावलं आणि मुलांना घरी पाठवलं.

“भाऊसाहेब, इथलं बाहेर जायचं नाही असं ठरलं होतं ना?” शाळेत सगळे दत्तरावांना भाऊसाहेबच म्हणत.

“बाहेर कुठं गेलं? वहीत आहे.”

“वहीत आहे म्हणजेच बाहेर आहे.”

“बाई, लिहिलं न्हाई तर सभा झालीच न्हाई असं होईल.”

“मग नाही झाली. मुलं तर बोलली ना.”

दत्तरावांनी टाकाचं टोक पुसलं. सभा न होता मुलं बोलतात ही कल्पना त्यांच्या डोक्यात बसायला जागा शोधत होती आणि तिथं छत्तीस वर्षांची दफ्तरं रचून ठेवलेली होती.

तिसऱ्या शनिवारी मुलं आली आणि शाळेत पिण्याच्या पाण्याचा दुसरा रांजण पाहिजे यावर पाऊण तास बोलली. दत्तराव खूष झाले. त्यांच्या हयातीतलं ते सगळ्यात देखणं इतिवृत्त होतं. सूचक होते, अनुमोदक होते. निघताना कस्तुरा त्यांच्याजवळ थांबली.

“भाऊसाहेब, रागावणार न्हाईत ना? तुमी लिवता म्हणून आमी रांजणावर बोलाय लागलो. रांजण हाय की एक. आमाला दुसरा नको.”

ती पोर पुढं गेली आणि दत्तराव स्टुलावरच बसून राहिले. माणसं कागद पाहून खोटं बोलतात हे त्यांनी कचेरीत हजारदा पाहिलं होतं. पण तिथं दोष माणसांचा असे. इथं दोष कागदाचा आहे असं कुणी त्यांना पहिल्यांदाच सांगितलं होतं.

त्यांनी सुधारणा करायचं मनावर घेतलं, आणि तिथून प्रकरण बिघडत गेलं. आधी त्यांनी नावं गाळून ‘एक विद्यार्थी’ असं लिहून पाहिलं. पण ओळख पटावी म्हणून ‘ज्यांच्या घरी चौदा बैल आहेत असे एक विद्यार्थी’ अशी पुस्ती जोडावी लागली. बाईंनी डोक्याला हात लावला. मग त्यांनी मुलांना एक ते आठ आकडे दिले. कोणता आकडा कुणाचा याची यादी मात्र पाहिजेच, नाहीतर पुढच्या कारकुनाला काय कळणार, म्हणून ती त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली. आणि कुणी वाचू नये म्हणून वहीच्या पुठ्ठ्यावर लाल शाईनं दोन बोटं जाडीचं ‘गोपनीय’ लिहून ती काचेच्या कपाटात कुलपात ठेवली.

करंजगावच्या शाळेत शंभरावर वह्या होत्या आणि आजवर एकीबद्दलही कुणी विचारलं नव्हतं. आता लोक फी भरायला म्हणून यायचे आणि काचेला नाक लावून जायचे. फाट्यावरच्या हॉटेलात, म्हणजे देवगाव फाट्याला एस.टी. थांबते तिथं, कपबशी पुढं सरकवत लोक विचारायचे, “दत्तराव, लाल वहीत काय हाय म्हणं?”

“गोपनीय आहे.”

“ते दिसायलाय की. पर कुणाचं?”

आश्रुबाचा बैल तोवर गावभर फिरून आला होता. मनोगत मंडळातलं एक पोरगं बैलाला भिऊन रडतं, एवढं सगळ्यांना माहीत झालं. राहिलं फक्त नाव. आठही घरच्या बापांनी आपापलं लेकरू बैलाला पाणी दाखवायला धाडून तपासून घेतलं. तिघांना मुलीच होत्या, त्यांनी मुली धाडल्या. मुलींनी पाणी दाखवलं. त्या दिवशी रंगनाथचा पाय मुरगळला.

यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे हे बाहेरच्याला कळायचं नाही, कारण करंजगावात नाव पडणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसतं. सूर्यभान नावाचे एक भले गृहस्थ गावात होते. सत्तेचाळीस साली स्वतःच्या वरातीत घोड्यावरून उतरताना त्यांचं धोतर रिकिबीत अडकून सुटलं. पुढं ते दहा वर्षं सरपंच होते, गावात त्यांनी दोन विहिरी आणि एक दवाखाना आणला. त्यांना अजूनही धोतरसूर्यभान म्हणत, आणि त्यांची सून नळावर गेली की बाया म्हणत, “सरा, धोतराच्या सुनेला भरू द्या.” ती सून घोडा मेल्यानंतर जन्मलेली. माणिकरावांच्या एकुलत्या एक वारसाला बैलाची भीती वाटते हे एकदा कळलं असतं, तर रंगनाथला ते मुंज्यासारखं धरून बसलं असतं. आणि बाप त्याला गोठ्यात खाट टाकून निजवल्याशिवाय राहिला नसता, कारण माणिकरावांना मुलाचं कल्याण करायची फार हौस होती.

पोळा बारा दिवसांवर असताना आश्रुबा निरोप घेऊन आला.

“भाऊसाहेब, माणिकराव मालकानं सांगितलंय, उद्या अकराला येतेत. ती वही काढून ठिवा म्हणले.”

“कोणती वही?”

“आता मीच सांगू का?” आश्रुबा कपाटाकडं बघत म्हणाला. “मला तर काय म्हाईतच न्हाई.”

दत्तरावांनी संस्थेची नियमावली काढली. कलम एकोणीस: अध्यक्षांनी मागणी करताच कोणताही कागद पाहण्यास द्यावा. अक्षर त्यांचंच होतं. ‘कोणताही’ या शब्दाखाली रेघसुद्धा त्यांनीच ओढली होती.

कमलबाईंना त्यांनी मधल्या सुट्टीत सांगितलं. बाईंनी हातातला खडू खाली ठेवला.

“मी सांगते त्यांना. वही मिळणार नाही म्हणून.”

“बाई, तुमी कायम न्हाईत.”

“माहीत आहे.”

“तुमी न्हाई म्हणलात तर बाई बदलतील, वही जागेवर राहील. उद्या दुसरं कुणी काढून देईल.”

“मग पानं फाडा.”

“शहाण्णव आहेत असा दाखला आहे. माझी सही आहे.”

बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. या माणसाला एवढ्या चोख बंदोबस्तात कोंडून ठेवलं होतं ते दुसऱ्या कुणी नव्हे, त्यानं स्वतःच. “भाऊसाहेब,” त्या एवढंच म्हणाल्या, “त्या पोरानं माझ्यावर विश्वास ठेवून नाही सांगितलं. आपल्या सगळ्यांवर ठेवून सांगितलं. तुम्हीपण होतात तिथं.”

तुम्हीपण होतात तिथं. हे वाक्य घेऊन दत्तराव घरी गेले. रांजणाच्याच नोंदी असलेली वही दाखवता आली असती. पण बैल बाहेर पडला होता. गावाला ठाऊक होतं की त्या खोलीत कुणीतरी बैलाला भितं. त्या भीतीला मालक पाहिजे होता, आणि आठांपैकी कुणाचंही नाव लिहिलं तरी त्या घराण्याचं धोतर झालं असतं. खोलीत एकूण माणसं दहा. आठ मुलं वजा केली. कमलबाईंचं नाव लिहायचा प्रश्नच नव्हता. वजाबाकी दत्तरावांना फार पूर्वीपासून चांगली येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर शाळेत जाऊन त्यांनी तशीच दुसरी वही काढली, शहाण्णव पानांवर आकडे घातले, दाखला लिहिला, आणि दोन्ही वह्या घरी आणून अंगणात पाट मांडून चार शनिवारांची इतिवृत्तं नव्यानं लिहायला बसले. रांजण तसाच ठेवला. विषय क्रमांक तीनपाशी टाक बराच वेळ हवेत राहिला. दहाव्या वर्षापासून बैल हाकलेला माणूस तो. बापाच्या दोन जोड्या त्यांनी एकट्यानं वखराला चालवल्या होत्या. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक खोटा स्वल्पविराम दिला नव्हता. मग लिहिलं. एकदा एक खोटं लिहिल्यावर हात मोकळा झाला आणि कस्तुराचे नऊ मार्कही त्यांनी स्वतःकडं घेतले.

जुनी वही त्यांनी पाण्याच्या बंबात घातली. सरजाबाई न्हाणीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. या घरात बंबासाठी एस.टी.चं जुनं तिकीटसुद्धा मिळत नसे.

“काय जाळायलात?”

“पाणी तापवायलोय.”

माणिकराव अकराला म्हणाले होते ते साडेअकराला आले. दत्तरावांनी वही पुढं ठेवली. मुख्याध्यापक कोपऱ्यात उभे होते. आश्रुबा दाराबाहेर, मुद्दाम दिसेल अशा बेतानं झाडू मारत. कमलबाई वर्गावर होत्या, पण त्या तासाला नववीला काय शिकवलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

माणिकराव बोट ठेवून वाचत. रांजणावर त्यांचं बोट तीन पानं रखडलं. मग ते थांबलं, मागं आलं, पुन्हा पुढं गेलं.

“‘कार्यालयाचे प्रतिनिधी दत्तराव, वय बावन्न,’” त्यांनी मोठ्यानं वाचलं, “‘यांनी आपणास लहानपणापासून बैलाची भीती वाटत असल्याचे निवेदन केले व रडले.’” त्यांनी वर पाहिलं. “दत्तराव, तुमी?”

“वहीत आहे, अध्यक्षसाहेब.”

“रडलात?”

“थोडं.”

बाहेर झाडू थांबला.

“पर हे लेकरांचं मंडळ हाय. तुमी कशाला बोललात?”

“बाई म्हणाल्या, ज्याला वाटेल त्यानं बोलावं. मला वाटलं.”

माणिकराव हसायला लागले. आधी पोट हसलं, मग खांदे, मग खुर्ची. मुख्याध्यापक रीतीप्रमाणं मागोमाग हसले. पण हसता हसता माणिकरावांचं बोट पुढची पानं चाळतच होतं, एकेका ओळीवर, कुठं काही राहू नये असं. शेवटच्या पानाला ते आले, वही मिटली आणि मुख्याध्यापकांना पाणी आणायला पाठवलं. मग टेबलावर वाकून हळूच विचारलं, “आमचा रंगनाथ कायच बोलला न्हाई?”

“रांजणाला अनुमोदन दिलं.”

“घरचं काय? माझं काय?”

“न्हाई.”

“खिजाबाचं न्हाई ना काय?”

“कोणता खिजाब?” दत्तरावांनी विचारलं.

माणिकराव सरळ बसले. कलप लावलेल्या त्यांच्या काळ्याभोर मिशा क्षणभर कुणा दुसऱ्याच्या वाटल्या. आठ मुलांच्या खोलीत काय चाललंय या चिंतेनं हा माणूस का आला होता ते दत्तरावांना आत्ता कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आढळलं की आपला टाक दौतीत आहे आणि हात मांडीवर आहे.

“ही बाब सभेपुढं आलेली न्हाई,” ते म्हणाले. “सबब नोंद न्हाई.”

“न्हाई तेच बरं,” माणिकराव म्हणाले. पाणी आलं, ते पिऊन त्यांचा जुना आवाज परत आला. “तुमचं भेव मी घालवतो, दत्तराव. बावन्न वर्सं दम काढलात. यंदा मानाचा बैल तुमी न्यायचा. रंगनाथला संगं देतो. पोरगं धरंल तुमाला.”

आश्रुबाला या वेळी नाव मिळालं होतं. तो दुपारच्या आत फाट्यापर्यंत जाऊन आला.

दत्तरावांचं नाव त्याच संध्याकाळी पडलं: बैलभाऊसाहेब. दुसऱ्या दिवशी रस्त्यात एका म्हातारीनं आपली कालवड बाजूला ओढून त्यांना वाट करून दिली. शाळेत पोरं त्यांच्या खिडकीखाली हंबरून पळत. दत्तराव आवक-जावक लिहीत राहिले. शनिवारी मनोगत मंडळाची सभा झाली तेव्हा ते बंद दाराबाहेर स्टूल टाकून बसले आणि वहीत ‘सभा झाली’ एवढे दोन शब्द लिहिले. आश्रुबा किल्ल्या वाजवत आला. त्यांनी त्याला बोटानं लांब बसायला सांगितलं. आत कुणीतरी बराच वेळ बोलत होतं, आणि ते रांजणावर नव्हतं, एवढं आवाजावरून कळत होतं.

सभा सुटल्यावर रंगनाथ मागं राहिला.

“भाऊसाहेब, खरंच तुमाला बी बैलाचं भेव वाटतंय?”

तो विचारताना इतका आशेनं बघत होता की दत्तरावांना चष्मा पुसावा लागला.

“कागदावर आहे ना?” ते म्हणाले. “मग आहे.”

“मला वाटलं मी एकलाच हाय.”

“एकटा न्हाईस.”

पोळ्याच्या दिवशी चार वाजता वेशीत सगळं गाव लोटलं. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं, हलगी वाजत होती, शिंगं रंगवलेले, झुली घातलेले बैल मागं ओळीनं उभे होते. सगळ्यात पुढं माणिकरावांचा हिऱ्या. लाल कंधारी जातीचा, पाठ खाटेएवढी, वशिंडावर बेगड. त्याचा कासरा दत्तरावांच्या हातात होता आणि कासऱ्याचं दुसरं टोक रंगनाथच्या. गावातली सगळी पोरं झाडावर आणि सगळ्या बाया गच्चीवर होत्या. पूर्वी त्या बैल बघायला येत. यंदा भाऊसाहेब बघायला आल्या होत्या.

अडचण वेगळीच निघाली. हिऱ्याला दत्तराव आवडले. त्यानं त्यांचा सदरा हुंगला, मग मान पुढं करून कोपर चाटलं. दत्तरावांचा हात सवयीनं त्याच्या गळ्याखालच्या लोंबत्या पोळीकडं निघाला, तिथं खाजवलं की कुठलाही बैल डोळे मिटतो. तो त्यांनी निम्म्या वाटेतून मागं ओढला आणि थरथरवला. आयुष्यभर जे होतं तेच लिहिलेल्या माणसाला नसलेलं करून दाखवणं जड जात होतं. ते दोन पावलं मागं सरकले. गच्चीवर हशा झाला.

“डोळ्याकडं बघू नका,” रंगनाथ त्यांच्या कानाशी म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. “वशिंडाकडं बघा. आन् श्वास मोजा. बाईंनी सांगितलंय. मी मोजतो, तुमी माझ्यामागं मोजा. येक.”

“एक,” दत्तराव म्हणाले.

“दोन.”

भटजींनी बैलांच्या मंगलाष्टका सुरू केल्या, अक्षता पडल्या. हिऱ्या चालायला लागला. दत्तराव अडखळले, पुन्हा अडखळले, एकदा “अगं आई” असंही म्हणाले, आणि प्रत्येक वेळी गावाची मान त्यांच्याकडं वळली. पलीकडं कासऱ्यावर पोराच्या मुठी किती कापत होत्या, घाम कसा मनगटावरून गळत होता, हे बघायला कुणाला सवडच नव्हती. सव्वीसपर्यंत मोजल्यावर ते तोरणाखालून गेले. चाळिसाव्या श्वासाला रंगनाथनं बैलाच्या मानेला बोट लावलं, लगेच काढलं, आणि पुन्हा लावलं.

“बघा,” माणिकराव सगळ्यांना सांगत होते, मिशांवरून हात फिरवत, “त्या माणसाला आमच्या पोरानं धीर देऊन नेलं. नुस्ता धीर दिला.”

तिन्हीसांजेला दत्तराव घरी पाटावर बसले. सरजाबाईंनी पुरणाची पोळी वाढली, वर तूप सोडलं, आणि समोर बसून त्यांच्याकडं बघत राहिल्या.

“राणीसावरगावहून मला आणली,” त्या म्हणाल्या, “तवा गाडी हाकणारा गडी पिऊन पडला व्हता. दमणीचे बैल उधळले. रातोळीच्या ओढ्यात तुमी खाली उडी टाकून शिंगं धरून उभे केले. नवरदेवाच्या कपड्यावर. मी आतून बघत व्हते.”

दत्तरावांनी पोळीचा घास मोडला.

“तुमाला कवापसून भेव वाटाय लागलं बैलाचं?”

“मधल्या काळात,” दत्तराव म्हणाले.

“आन् ती वही का जाळली?”

“पाणी गार होतं.”

सरजाबाईंनी आणखी थोडी वाट पाहिली. तीस वर्षांच्या संसारात या माणसानं त्यांना न सांगितलेलं असं काही नव्हतं. सांगून, लिहून, वर सही करून घेतलेलं होतं. आज पहिल्यांदाच त्याच्याजवळ काहीतरी होतं आणि तो ते द्यायला तयार नव्हता. त्यांना राग यायला पाहिजे होता. उलट तो त्यांना जरा बरा दिसायला लागला.

“अजून एक वाढू?” त्यांनी विचारलं.

“वाढा,” दत्तराव म्हणाले.